घाईची बंदूक

आबांनी तिसरी गोळी झाडली तेव्हा डुक्कर त्यांच्या अगदी पुढ्यात आलं होतं. चौथी झाडायला वेळच मिळाला नाही. काळं काहीतरी त्यांच्या पायांत शिरलं, आबा उचलले गेले आणि पाठीवर आपटले, एवढंच मला दिसलं. रायफल त्यांच्या हातून सुटली आणि दगडांवरून खडखडत माझ्या बाजूला आली. डुक्कर थांबलं नाही. तसंच चढावर जाऊन कारवीच्या दाट रानात घुसलं. वरची कारवी हलली आणि मग हलायची थांबली.

"आबा!"

"आधी बंदूक उचल," ते म्हणाले. आवाज अगदी नेहमीचा होता. "ते लांब गेलेलं नाही."

मी रायफल उचलली आणि त्यांच्याकडे धावले. उजवी मांडी आतल्या बाजूनं गुडघ्यापासून वरपर्यंत उघडी पडली होती. खाकी विजारीचा रंग बघताबघता बदलत गेला. आबांनी दोन्ही हातांनी मांडी आवळून धरली होती, पण बोटांमधून रक्त येतच होतं.

"पट्टा काढ बंदुकीचा. जखमेच्या वर बांध. काठी घालून पिळ. घाबरू नकोस, मी ओरडलो तरी पिळत राहा."

मी पट्टा काढला, बांधला, एक सुकी काठी घालून पिळला. ते ओरडले नाहीत, पण त्यांचे दात वाजलेले मला ऐकू आले. रक्ताची धार मंदावली. काठी सुटू नये म्हणून मी पदर फाडून ती मांडीलाच बांधून टाकली. जखमेवर आबांचा फेटा गुंडाळला. लाल व्हायला त्याला फार वेळ लागला नाही.

ही आजरा-चंदगडच्या मधल्या डोंगरातली, आंबेघोळ गावाच्या खालच्या घळीतली गोष्ट. मी तेव्हा बाविशीची होते. आई मी लहान असतानाच गेली होती. आबा पलटणीतून निवृत्त होऊन आलेले, घरात आम्ही दोघंच. मला एकटीला घरी ठेवायला नको म्हणून ते मला रानात न्यायला लागले आणि पुढं ती आम्हा दोघांची सवयच झाली. देसायांची पोरगी साडीचा काचा मारून बापामागं डोंगर हिंडते, यावर नातेवाईक बोलायचे. आबा म्हणायचे, बोलू देत.

रायफल आबांनी बेळगावात विकत घेतली होती, मायदेशी परत निघालेल्या एका गोऱ्या अधिकाऱ्याकडून. आमच्या भागात ठासणीच्या आणि जोडनळीच्या बंदुका होत्या. ही वेगळी होती. चाप ओढला की बार व्हायचा, रिकामं काडतूस उडून बाहेर पडायचं आणि पुढचं आपलं आपण आत सरकायचं. दस्त्यात एक स्प्रिंग मागंपुढं व्हायची, तिचा आवाज खांद्याच्या हाडात घुमायचा. पुन्हा चाप, पुन्हा बार. पाच गोळ्या बसायच्या तिच्यात. आबांना तिचा फार अभिमान होता, आणि खरं सांगायचं तर तिनं त्यांचा नेम बिघडवला होता. पुढची गोळी तयार आहे म्हटल्यावर माणूस पहिली सबुरीनं मारत नाही. आंबेघोळच्या लोकांनी तिला 'घाईची बंदूक' असं नाव ठेवलं होतं. ती आज माझ्या नावावर आहे. आबांनंतर मी तिनं पुष्कळ डुकरं मारली, शिकार कायद्यानं बंद झाल्यावर ती पेटीत ठेवून दिली, आणि अजून दर महिन्याला काढून तेल देते. पण बोलायचं आहे ते त्या दिवसाबद्दल.

सुगी चालू होती. डुकरांनी आंबेघोळचा ऊस आडवा केला होता म्हणून तिथल्या भरमूनं आणि लोकांनी आबांना बोलावलं, पण हाका घालून जनावर उठवायला कुणाला सवड नव्हती. सगळं गाव खळ्यावर भात मळत होतं. मग आम्ही दोघंच घळीत उतरलो. डुक्कर कुठं बसतं ते आबांना ठाऊक होतं. ते बसलेलं सापडलंही. पहिली गोळी त्याला लागली, पण जिथं लागायला हवी तिथं लागली नाही.

"आता ऐक," आबा म्हणाले. मी त्यांचं डोकं माझ्या मांडीवर घेतलं होतं. "वर जा. भरमूला गाठ. चार माणसं आणि दोर घेऊन ये."

"तुम्हाला इथं टाकून?"

"दुसरं काय करणार आहेस? मला खांद्यावर घेणार आहेस?"

मी वर बघितलं. गावाकडं जाणारी पायवाट त्या कारवीला लागूनच वर चढत होती. दुसरी वाट नव्हती. दोन्ही बाजूंना कातळ होता. आणि कारवीतून श्वास ऐकू येत होता. ओला, घरघरणारा, मध्येच अडकणारा. ते डुक्कर तिथंच पडलं होतं आणि आमच्याकडंच तोंड करून पडलं असणार.

"बंदूक मी नेली तर ते तुमच्यावर येईल," मी म्हणाले. "बंदूक तुमच्याकडं ठेवली तर वाटेवर ते मला गाठेल."

आबांच्या हातात रायफल धरण्याची ताकद नव्हती, हे दोघांनाही दिसत होतं.

"मग ओरड," ते शेवटी म्हणाले.

मी ओरडले. भरमूला हाका मारल्या, गावाला हाका मारल्या, घसा बसेपर्यंत मारल्या. घळीत माझा आवाज समोरच्या कड्यावर आपटून परत यायचा. वर डोंगराच्या दांडाच्या पलीकडं गाव, तिथं मळणीचा गलबला, बैल हाकणाऱ्या पोरांचा कालवा. माणसाची हाक तिथवर पोचत नव्हती.

बंदुकीचा आवाज मात्र पोचतो. हे सुचल्याबरोबर मी रायफल आभाळाकडं रोखून चाप ओढला. पुन्हा ओढला. आतल्या दोन्ही गोळ्या संपल्या तशी आबांच्या कमरेच्या पिशवीतली उरलेली काडतुसं काढून भरली आणि पुन्हा झाडायला लागले. आबा काहीतरी म्हणत होते ते मला ऐकूच येत नव्हतं. त्यांनी माझ्या पायावर मूठ मारली तेव्हा मी थांबले.

"वेडे! किती राहिल्या?"

मी बघितलं. "दोन."

त्यांनी डोळे मिटले.

"आवाज गेला असेल की वर," मी म्हणाले. "एवढे बार ऐकून कुणीतरी येईलच ना?"

"कुणी येणार नाही."

"का?"

"सकाळी आपण निघालो तेव्हा भरमू मला काय म्हणाला, ठाऊक आहे? तू चपला घालत होतीस. म्हणाला, आबासाब, गेल्या खेपेला तुमच्या फैरी ऐकून आमी मटनाच्या वाट्यासाठी टोपल्या घेऊन पळत आलो आनि रिकामं परत गेलो. अर्धा दिस बुडाला. आता एकच बार ऐकू आला आनि मागनं सगळं शांत झालं, तर येतो. धडाधडा वाजलं तर खळ्यावरनं हलनार न्हाई." आबांनी ओठ ओले केले. "हसत हसत म्हणाला. मीही हसलो. आता वर ते म्हणत असतील, चालली घाईची बंदूक."

मला रडू फुटलं. आबांनी ते पुरतं होऊ दिलं.

"झालं?" त्यांनी विचारलं. "मग ऐक. एक गोळी त्या डुकरासाठी ठेवायची. एक लोकांसाठी. पण आत्ता नको. आत्ता झाडलीस तर ती मघाच्याच फैरीतली धरतील. मघाचं त्यांच्या डोक्यातनं जाऊ दे. मळणीची एक पात संपून, बैल बदलून दुसरी लागू दे. मग एकच बार. आणि त्यानंतर काही झालं तरी गप्प राहायचं."

"तोवर तुम्ही..."

"तोवर मी असाच पडून राहीन. कुठं जातोय?"

ऊन समोरच्या कड्यावर चढत गेलं. घळीत सावली भरली. आबांनी सांगून ठेवल्याप्रमाणं मी मधूनमधून पट्टा सैल करत होते आणि दर वेळी फेट्यावरचा लाल रंग पुन्हा ओला व्हायचा. पाणी जवळ नव्हतं. ओढा खाली होता, त्याचा आवाज येत होता. आबा एकसारखे पाणी मागायला लागले आणि मी उठले की नको म्हणायचे, कारण मी उठले की कारवीत खसखस व्हायची.

मग ते वेगळंच बोलू लागले. आधी पलटणीतल्या कुणा सुभेदाराशी बोलले. नंतर मला आईच्या नावानं हाक मारली.

"यमू, पोरीला कुठं ठेवलंस?"

"मी सरोज आहे, आबा."

"तिला सांग, दार लावून घे म्हणावं."

त्यांचा हात गार पडला होता. नखं पांढरी दिसत होती. आता थांबणं शक्य नाही, असं मला वाटलं. शहाणपणानं थांबून माणूस हातचा जायचा. मी रायफल उचलली, नळी आभाळाकडं केली. मळणीची पात संपली असेल की नसेल, मला काय कळणार होतं? मी चापावर बोट ठेवलं आणि त्याच वेळी वरची कारवी फुटली.

डुक्कर उतारावरून सरळ आमच्यावर आलं. त्याचा जबडा एका बाजूला लोंबत होता. एक मागचा पाय घासत होता, तरी त्याचा वेग भयंकर होता. दगड त्याच्या आधी गडगडत खाली आले. आबांना ओढायला वेळ नव्हता. मी त्यांच्यापुढं गुडघ्यावर बसले, नळी खाली आणली. नेम धरला असं मी म्हणणार नाही. नळीच्या टोकाशी मला त्याचे दोन डोळ्यांमधले राठ केस दिसले आणि मी चाप ओढला.

दस्ता खांद्यावर बसला. रिकामं काडतूस माझ्या कानाजवळून उडालं. स्प्रिंगचा तो आवाज झाला आणि शेवटची गोळी आपली आपण आत सरकली.

डुक्कर नाकावर पडलं, मातीत नांगरत आलं आणि माझ्या गुडघ्यापासून हातभर अंतरावर थांबलं. आणि मग त्याचे पाय हलायला लागले. पुढचे दोन्ही पाय मातीत रुतवून ते उठायचा प्रयत्न करत होतं.

मी नळी त्याच्या कानाला लावली.

"सरू." आबा शुद्धीवर आले होते. त्या बारानंच आले असतील. "नको."

"उठतंय ते, आबा!"

"उठू दे. एक आवाज गेलाय वर. दुसरा काढू नकोस."

"ते उठलं तर दोघांनाही फाडेल!"

"दुसरा काढलास तर आज कुणी येत नाही. आणि आज कुणी आलं नाही तर..." त्यांनी वाक्य पुरं केलं नाही. "बोट काढ चापावरनं. बाहेर काढ. मला दाखव."

मी बोट बाहेर काढलं आणि त्यांना दाखवलं. नळी मात्र हलवली नाही. डुकरानं मान वर केली. त्याचा डोळा माझ्याकडं होता. त्याच्या नाकातून रक्ताचे फुगे येत होते आणि ते माझ्या साडीवर उडत होते. एकदा त्यानं पुढचं अंग पुरतं उचललं. माझं बोट आपोआप परत आत गेलं. त्या बंदुकीचा चाप फार हलका होता, नुसता श्वास जोरात घेतला तरी सुटेल इतका. मी दात आवळून बसले. आबा माझ्या पाठीमागून पुटपुटत होते, "थांब. थांब पोरी. थांब." मला म्हणत होते की त्या जनावराला, कुणास ठाऊक.

डुक्कर कुशीवर पडलं. आणखी बराच वेळ त्याचं पोट हलत होतं. मग ते थांबलं.

त्यानंतरची शांतता मला आजही ऐकू येते. कारवीतली घरघर गेली होती. ओढा वाहत होता. वरून काही नव्हतं. हाक नाही, पावलं नाहीत. एकच बार गेला होता, पण तो कुणी ऐकला का? ऐकून कुणी उठलं का? उरलेली गोळी झाडावी असं मला इतकं वाटत होतं की मी शेवटी रायफल माझ्यापासून लांब, दगडापलीकडं सरकवून ठेवली. आबा आता बोलत नव्हते. मी त्यांच्या छातीला कान लावून बसले. ठोका चुकला की माझाही चुकायचा.

"आबा, काहीतरी बोला."

"हं."

"आईचं सांगा."

"नंतर," ते म्हणाले.

कड्याच्या माथ्यावरचं ऊन विझायला आलं तेव्हा वर कुणीतरी हसल्याचा आवाज आला. मला भास वाटला. मग पुन्हा, एका बाईचं हसणं, आणि कुणीतरी शीळ घातली. पायवाटेवरून खडे घरंगळत आले. मला ओरडायचं होतं. घशातून नुसती हवा आली.

"काय वो अक्कासाब!" भरमूचा आवाज वरून आला. "पाडलं न्हवं एकदाचं? म्हटलं एकच बार आनि मागं काय न्हाई, म्हंजी पडलंच!"

पुढं भरमू होता, हातात कोयता. मागं सातआठ माणसं, दोघांच्या खांद्यावर डुक्कर अडकवायचा लांब वासा, आणि भरमूची बायको तानूबाई डोक्यावर टोपली घेऊन. अंगावर सगळ्यांच्या भाताचा भुसा. भरमूला आधी डुक्कर दिसलं.

"आई गं! केवढं हे धूड!" तो म्हणाला, आणि मग त्यानं माझ्याकडं बघितलं. माझ्या साडीकडं. माझ्या मांडीवर काय आहे त्याकडं.

त्याच्या हातातला कोयता दगडावर पडला. तानूबाईनं टोपली टाकली, पळत खाली आली, आबांच्या नाकापुढं हात धरला.

"हाय," ती ओरडली. "जीव हाय! बघत काय ऱ्हाइलाय मुडद्यांनो, वासा आना!"

दोघांनी खांद्यावरची घोंगडी काढली. वाशाला घोंगड्याची झोळी बांधली, आबांना तिच्यात घातलं. डुकराला ओलांडून माणसं गेली. ती वाट रिकाम्या हातानं चढायची तरी दम लागतो, आणि त्यांनी ती झोळी एकदाही खाली टेकवली नाही. खांदे बदलायचे, पण चालताचालता. दांडावर पोचल्यावर भरमूनं पोराला पुढं पिटाळलं, ते धावत डांबरी रस्त्यावर गेलं आणि लाकडाचा एक ट्रक अडवून बसलं. बेळगावच्या दवाखान्यात आम्ही पोचलो तेव्हा ट्रकच्या फळीवर माझ्याबरोबर भरमू होता, तानूबाई होती, आणि आणखी दोघं, त्याच भुशाच्या कपड्यांत. त्यांची मळणी तशीच उघडी पडली होती.

आबांचा पाय गेला, मांडीपासून. आबा राहिले. काही दिवस डॉक्टरांनी तेवढंही कबूल केलं नव्हतं.

मधल्या एका दिवशी मी भरमूबरोबर परत घळीत गेले. रायफल त्या दगडापलीकडंच राहिली होती. ती जशीच्या तशी सापडली, आत शेवटची गोळी. जरा पुढं डुक्करही होतं. जसं पडलं तसंच. कुणी एक तुकडा कापला नव्हता. त्यावर माश्या घोंघावत होत्या, कोल्ह्यांनी पोट फाडलं होतं.

"का रे?" मी विचारलं. "दुसऱ्या दिवशी तरी यायचं. एवढं मटण."

भरमू वाकून दगड गोळा करायला लागला. एकेक दगड त्या डुकरावर ठेवत गेला.

"आबासाबांचं रगत सांडलंय हितं," तो म्हणाला. "कुनाच्या घशाखाली उतरलं असतं, अक्कासाब?"

मीही दगड उचलायला लागले.

आबा बोलण्याइतके सावध झाले तेव्हा खाटेच्या एका बाजूला मी होते आणि दुसऱ्या बाजूला भरमू उकिडवा बसला होता. पाय गेल्याचं त्यांना कळलं होतं. त्यावर त्यांनी काही विचारलं नव्हतं. त्यांनी मान वळवली.

"भरमू, वाटे कसे केलेस?"

भरमूनं माझ्याकडं बघितलं.

"केलं की, आबासाब," तो म्हणाला. "घरटी बरोबर केलं. कुनाची तक्रार न्हाई."

"चरबी होती?"

"लई. चार बोटं होती बगा. ऊस खाल्लेलं जनावर."

आबांच्या तोंडावर मी त्या दिवसांत पहिल्यांदा काहीतरी सुखासारखं बघितलं.

"आणि मुंडकं? मुंडकं बार काढणाऱ्याचं असतं."

"अक्कासाबांकडं पोच केलं," भरमू म्हणाला आणि खाली बघून जमिनीवर बोटानं रेघा ओढायला लागला.

आबा माझ्याकडं वळले. गाल बसले होते, दाढी वाढली होती, डोळे मात्र त्यांचेच होते.

"खाल्लंस का, सरू?"

"खाल्लं, आबा," मी म्हणाले. "तानूबाईनं रस्सा करून दिला होता. छान झाला होता."